पद्मिनीचा पत्रा आणि जालन्याची भट्टी

ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. ती शेवटची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023पासून काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. पण ही गाडी बनणं थांबूनच तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 साली आलेली फियाट 1100 डिलाइट म्हणजेच सत्तरच्या दशकातली पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. परवाना राजात स्पर्धाच नव्हती. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मग सुधारणा करायची कुणासाठी? डिसेंबर 1983मध्ये मारुती आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं. टॅक्सीवाला मात्र हलला नाही.

त्याचं गणित वेगळं होतं. इग्निशनचे पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करायचा, की गाडी चालू. सुटे भाग गल्लोगल्ली मिळत. पुढे सीएनजी आला, तोही या इंजिनाने पचवला. फक्त इंजिनात शिरणाऱ्या हवेची थोडी जागा वायू खातो, म्हणून ताकद जरा घटायची. सिलिंडरने डिकी अडवली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर चढलं.

दुखणं पत्र्यात होतं. फियाट 1100ला स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. वजन वाचतं, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत तळ गंजला की गाडीचा कणाच गंजतो. मग वेल्डिंगची ठिगळं. अमेरिकेतल्या कॅलामाझू गावच्या चेकर मोटर्सने नेमकं उलट केलं होतं. तिच्या टॅक्सीला भक्कम चासी होती आणि मडगार्ड बोल्टवर बसवलेले, ठोकर लागली की काढून दुसरा लावायचा. टॅक्सी म्हणून ती पद्मिनीपेक्षा सरस होती, यात शंका नको. तरी तिचंही तेच झालं. 1956चा साचा शेवटपर्यंत जवळपास तसाच राहिला, सत्तरीत पेट्रोल महागलं आणि 12 जुलै 1982ला शेवटची गाडी बाहेर पडली. न्यूयॉर्कमधली शेवटची चेकर 1999 साली निवृत्त झाली. कंपनी नंतर 2009पर्यंत इतरांसाठी गाड्यांचे भाग ठोकत राहिली. इकडे प्रीमियरनेही प्यूजोशी हातमिळवणी करून पाहिली आणि शेवटी चिंचवडला सीएनसी यंत्रं बनवली.

मोडलेल्या गाडीचं लोखंड जातं कुठे? मराठवाड्यात याचं मोठं ठिकाण जालना. आसपास लोहखनिजाची खाण नाही, तरी औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाची सळई काढतात. न्हावाशेवा बंदरात उतरणारं परदेशी भंगारही इथवर येतं. इंडक्शन भट्टीत जाळ नसतो. तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून पाणी खेळवत प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भंगारातच भोवरी प्रवाह उठतात आणि लोखंड स्वतःच्या रोधाने तापून वितळतं. तापमान सोळाशे अंशांच्या घरात, आणि टनामागे वीज साधारण सहाशे युनिट. जालन्याचे कारखानदार वीजदराच्या बातमीकडे डोळे लावून बसतात ते उगाच नाही.

ही भट्टी वितळवते, शुद्ध फारसं करत नाही. जे आत जाईल त्यातलं बरंचसं सळईत उतरतं. सगळ्यात चिवट तांबं. लोखंडाआधी ते ऑक्सिजनशी संयोग पावत नाही, त्यामुळे मळीत काढून टाकता येत नाही. ओतलेली पोलादाची कांडी, म्हणजे बिलेट, पुन्हा तापवताना पृष्ठभागावरचं लोखंड खपली होऊन झडतं, तांबं तिथेच साचून वितळतं आणि पोलादाच्या कणांच्या सांध्यांत शिरतं. रोलिंग मिलमध्ये दाब पडला की बिलेटला चिरा जातात.

इथे जुनी पद्मिनी उजवी ठरते. काचा हाताने फिरवायच्या, संगणक नाही, सेन्सर नाहीत, वायरिंग जेमतेम. तांबं-पितळ मुख्यतः रेडिएटर, डायनॅमो आणि स्टार्टरमध्ये, आणि भंगारवाला तेच आधी काढतो, कारण भाव त्याला. आजच्या मोटारीत वायरचे जुडगे दारांपासून आसनांपर्यंत पसरलेले असतात, छोट्या मोटरी कोपऱ्याकोपऱ्यांत दडलेल्या असतात. यंत्राने तुकडे केले की ते पत्र्यात गुंततात. वर जस्ताचा मुलामा; जस्त 907 अंशांनाच उकळतं आणि भट्टीवर पांढरा धूर उठतो.

भट्टीपाशी खरी भीती बंद भांड्याची. तोंड बंद असलेला सिलिंडर किंवा शॉक अॅब्सॉर्बर वितळलेल्या रसात पडला तर आतला वायू क्षणात फुगतो आणि लोखंडाचा रस अंगावर उडतो. त्यामुळे सीएनजीवर धावलेल्या टॅक्सीचा सिलिंडर आधी रिकामा करून कापावा लागतो. 2021च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने तेल, बॅटरी आणि वायू काढल्यावरच गाडी कापायची सक्ती नोंदणीकृत केंद्रांवर घातली. बिननोंदणीच्या भंगार बाजारात हे काम अजून छन्नी-हातोड्याने आणि अंदाजाने चालतं.