मालवणच्या बेटावर जाताना

यंदा बऱ्याच गटांच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोय. पंढरपूर झालं, शिर्डी झाली, आता एकदा समुद्र बघायचा म्हणतात सगळ्या. नाव निघतं मालवणचं आणि तिथल्या पाण्यातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं. किल्ला दिसतो कसा ते तुम्ही फोनवर बघितलंच असेल. म्हणून आज आपण त्या बेटावर राहणं कसं असतं आणि तिथं पाहुणी म्हणून जाताना काय माहीत असावं, यावर बोलू.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला तिथं किल्ल्याचा पाया घातला. आवार साधारण ४८ एकरांचं, भोवती तट आणि तटाभोवती खारं पाणी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवाजी महाराजांचं मंदिर आत आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात हाही आहे. म्हणजे गर्दी आता वाढणारच.

आपल्याला नवल वाटावं असं तिथं एक आहे: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. आपण बारव म्हणतो तशा या तीन विहिरी, आणि पाणी गोड. खाऱ्या समुद्रात गोडं पाणी कसं? बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर टिकतं. पण बेटावरचं असं पाणी बेतानं काढावं लागतं. उपसा वाढला तर खालचं खारं पाणी वर चढतं. आपल्याकडं बोअर आटतो, तिथं खारट होतो, एवढाच फरक. म्हणून बेटावर गेल्यावर पाय धुवायला, चूळ भरायला बादलीभर पाणी मागू नका. प्यायचं पाणी किनाऱ्यावरूनच भरून न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

किल्ल्यात आजही मोजकी घरं आहेत. सरबत, नारळपाणी, जेवण विकून त्यांचा संसार चालतो, आणि तोही वर्षातले काही महिनेच. मे संपता संपता समुद्र खवळतो आणि ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात. पर्यटक नाही म्हणजे पैसा नाही. बरीच माणसं त्या दिवसांत मालवणात येऊन राहतात. जे बेटावर थांबतात त्यांना तांदूळ, मीठमिरची, औषधगोळी, सगळं आधीच भरून ठेवावं लागतं. पावसाआधीच्या या बेगमीला कोकणात आगोट म्हणतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा हंगामाची वाट बघायची. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला दम्याचा त्रास असेल, तर त्या घरातली बाई एप्रिलपासूनच कसला हिशोब मांडत असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना चांगलं ठाऊक आहे. योगायोग असा की दिवाळीनंतर आपल्या बाया कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हाच तिथल्या बायांच्या दारात पाहुणा येतो.

आता वाऱ्याचं. बालाघाटावरच्या पवनचक्क्या बघणाऱ्यांना वारा नवा नाही, पण समुद्राच्या वाऱ्याला वेळ असते. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते. हेच खारे वारे. दुपारनंतर ते जोर धरतात, होडी हलते, पाणी अंगावर येतं. म्हणून किल्ल्याला सकाळीच जा. दुसरं, वाऱ्यामुळं ऊन कळत नाही. बीडचं ऊन चटका देऊन सावध करतं, तिथलं गार वाटता वाटता डोकं धरतं. डोक्यावर पदर ठेवा, पाणी पीत राहा.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्या आणि त्याचे बंद नीट बांधा. साडीवर कसंतरी दिसतं म्हणून मांडीवर ठेवून बसणाऱ्या खूप असतात. मे २०२२ मध्ये जवळच्याच तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. होडी भरलेली दिसली तर पुढच्या होडीनं जा. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

मुक्काम कुठं करायचा? तारकर्ली, देवबाग, मालवण भागात घरगुती खोल्या मिळतात. ‘निवास व न्याहरी’ असा फलक बघा. घरचीच बाई घावणे करून वाढते, सोलकढी देते. भाडं आधी ठरवा, पण फार घासाघीस करू नका. त्याच पैशात तिला पावसाळा काढायचा असतो. एक दिवस जास्त असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जा. तिथं स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत खारफुटीचं जंगल दाखवतात. आमच्या मते बचत गटाच्या सहलीत किल्ल्याइतकंच हेही बघण्यासारखं आहे. त्यांना विचारा: पैसे कसे वाटून घेता, बंद महिन्यांत काय करता?

हे विचारायचं कारण आहे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी आपल्या अंबाजोगाईची योगेश्वरी. ती माणसं वर्षानुवर्षं आपल्या जिल्ह्यात येतात. परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांची तर गणतीच नाही. त्यातल्या कितीजणांना आपल्या गटाच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळतो? लगेच कर्ज काढून खोल्या बांधा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. हंगाम चुकला की हप्ता तसाच राहतो, हे त्या बेटावर गेल्यावर कळतंच. पण चार घरांनी मिळून सणासुदीला जेवण देऊन बघायला भांडवल फारसं लागत नाही.

जायचं कसं, तर एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. कोल्हापूर गाठून पुढं घाट उतरायचा. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या बाकावर बसावं, गोळी आधी घ्यावी. रेल्वेनं गेलात तर कुडाळला उतरा. ऊसतोडीवरून परतल्यावर मे महिन्यातच वेळ मिळणार असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा; नंतर समुद्राचा भरवसा नसतो. निघण्याआधी होड्या चालू आहेत का, हे मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा. सोबत टोपी, जुनी चप्पल आणि एक जास्तीचं लुगडं असू द्या. भिजणार तर आहातच.