बाल न्याय मंडळासमोर जाण्याआधी

अठराच्या आतल्या पोरावर गुन्हा नोंदला गेला, की आई-बाप पहिल्यांदा विचारतात, ‘बिलोलीच्या कोर्टात यायचं का?’ तसं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे हे प्रकरण जिल्ह्याच्या, म्हणजे आपल्यासाठी नांदेडच्या, बाल न्याय मंडळासमोर चालतं. मुलाला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मंडळापुढं हजर करावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांत किमान एक महिला. नियमाप्रमाणे तिथं आरोपीचा पिंजरा नको, उंच व्यासपीठ नको. हे मुलाला आधीच सांगा. पिक्चरमधलं कोर्ट डोक्यात घेऊन गेलेल्या मुलाची बोबडी वळते, आणि गप्प बसलेलं मूल मग उद्धट वाटतं.

आता तयारीचं बघू. पहिलं, वयाचा पुरावा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. आपल्याकडं शाळेत नाव घालताना अंदाजानं 1 जून लिहून टाकतात. दोन कागदांत दोन तारखा असतील, तर वकिलांना आधीच दाखवा.

दुसरं, वकील. मुलाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडं जा किंवा 15100 वर फोन करा.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरचं माणूस. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला साधारणपणे जामीन द्यायचा, असं कायदा म्हणतो. सोडल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत किंवा धोक्यात जाईल असं वाटलं, तर मात्र नाकारता येतो. आई-बाप ऊसतोडीला किंवा हैदराबादला कामावर, आणि न्यायला कुणीच नाही, असं झालं तर पोरगं निरीक्षणगृहातच राहायची भीती असते. म्हणून आजी, काका, मामा, कुणीतरी जबाबदारी घेणारं माणूस ठरवून ठेवा.

परिविक्षा अधिकारी घरची, शाळेची माहिती घेऊन दोन आठवड्यांत अहवाल देतात. दारू असो, कर्ज असो, शाळा सुटलेली असो, लपवू नका. मुलाला काय मदत लागेल हे त्यातूनच मंडळाला कळतं.

मुलाला गोष्ट पाठ करून पाठवू नका. खरं सांग, कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हण, एवढंच शिकवा. घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठी अडत असेल तर दुभाषी मागता येतो. आणि आदल्या रात्री मारझोड तर नकोच.

‘पोराचं आयुष्य गेलं’ असं त्याच्यासमोर म्हणू नका. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढतात. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर वाट वेगळी होऊ शकते, ते वकिलांकडून समजून घ्या. बाकी मुलांना या प्रकरणामुळं पुढं अपात्र ठरवता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो फोटो आपण पुढं ढकलू नये. उद्या त्याला याच गावात राहायचंय, याच शाळेत जायचंय.