जुने काटे, जुनी मीटरे आणि कार्यालयातला संगणक
मधला गेटवे कसा बसवावा?

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या मालकाचे डोळे दोन आकड्यांवर असतात. एक वजनकाट्याचा, दुसरा विजेचा. वजन दाखवणारी पेटी काट्याच्या खोलीत, वीज मोजणारी मीटरे पॅनेलवर आणि मुनीम कार्यालयात. मधे पोऱ्या चिठ्ठी घेऊन धावतो. आता मालक म्हणू लागले आहेत की, हे आकडे आपोआप संगणकावर आले पाहिजेत. त्यासाठी काटा किंवा मीटर बदलण्याचे कारण नाही. मागच्या बाजूला सीरियल जोडणी असली की गेटवे नावाची लहानशी पेटी मधे बसवून काम भागते.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत मोठ्या गिरण्या आहेत, तिथे अशा कामाला पगारी माणसे मिळतात. आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या जिनिंगवाल्याला किंवा डाळ मिलवाल्याला तो खर्च पेलत नाही. मग नागपूर-पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबायचे. खरे तर जो मिस्त्री पॅनेलचे वायरिंग करतो, मोटारी भरतो, त्याच्या हातचे हे काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेटवे म्हणजे दुभाषा. एका बाजूला जुनी सीरियल भाषा, दुसऱ्या बाजूला संगणकाची लॅन केबल. पॅनेलवरची बहुतेक मीटरे आणि मोटारींचे ड्राइव्ह ‘मॉडबस’ ही भाषा बोलतात. मोडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ साली काढली आणि अजून तीच चालते. रीत साधी आहे. एकजण विचारतो, बाकीचे विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

वजनकाट्याचे तसे नसते. बहुतेक पेट्या मॉडबस जाणत नाहीत. वजनाची अक्षरे एकसारखी बाहेर सोडत राहतात. म्हणून खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारा, ही पेटी अक्षरे जशीच्या तशी पुढे नेणारी आहे की मॉडबस समजणारी? काट्याला पहिली चालते, मीटरला दुसरी लागते. काही पेट्यांत दोन्ही प्रकार असतात, फक्त योग्य प्रकार निवडावा लागतो. दिसायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे पैसे इथेच वाया जातात.

आता तार. काट्याची जोडणी बहुधा आरएस-२३२ असते. तीन तारा पुरतात, पण ती सुमारे ५० फुटांपर्यंतच भरवशाची. म्हणून गेटवे काट्याच्या खोलीतच ठेवा आणि पुढे लॅन केबल न्या. तिचीही हद्द १०० मीटर आहे, हे विसरू नका. मीटरांची जोडणी आरएस-४८५ असते. ती पीळ दिलेल्या दोन तारांवर सुमारे १२०० मीटर जाते आणि एकाच जोडीवर ३२ मीटरे बसतात. मात्र तार एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी न्यावी. झाडासारख्या फांद्या काढू नयेत. लांब तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टन्स लावावा. मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून ही तार ओढू नका. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा सगळ्या कंपन्या सारख्या वापरत नाहीत. उत्तर आले नाही तर दोन तारा उलटून पाहा, त्याने काही जळत नाही. वीज कडाडण्याचे आपल्याकडचे प्रमाण पाहता आयसोलेशन असलेला गेटवे थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

तार झाली की मांडणी. आधी प्रत्येक मीटरच्या पडद्यावर जाऊन चार गोष्टी कागदावर उतरवा : पत्ता, वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट. पत्ता १ ते २४७ पैकी कोणताही चालतो, पण एका माळेवर दोन मीटरांना एकच पत्ता नको. वेग पुष्कळदा ९६०० असतो. पॅरिटी कुठे ‘नाही’ तर कुठे ‘सम’ असते. एका माळेवर हे तिन्ही आकडे सर्वांचे सारखे हवेत, आणि गेटवेतही तेच भरायचे. मग गेटवेला कार्यालयाच्या जाळ्यातला एक कायमचा आयपी पत्ता द्या. संगणक १९२.१६८.१.१० वर असेल तर गेटवेला १९२.१६८.१.५० देता येईल, तो दुसऱ्या कोणाचा नाही एवढे पाहून. मॉडबसचे दार ५०२ क्रमांकाचे, ते तसेच राहू द्या. कारखान्यात हा गुप्त शब्द बहुधा सोपा ठेवलेला असतो, तो मात्र बदला आणि मालकाच्या वहीत लिहून ठेवा.

आणखी एक आकडा ‘वाट पाहण्याचा’ असतो. ९६०० वेगाला दहा आकड्यांची विचारणा आणि उत्तर मिळून तारेवर सेकंदाचा पंचविसावा-तिसावा हिस्सा जातो. मीटर विचार करायला थोडा वेळ घेते. तेव्हा अर्धा ते एक सेकंद पुष्कळ झाला. तो पाच सेकंद ठेवला आणि दोन मीटरे बंद असली, तर प्रत्येक फेरीत दहा सेकंद फुकट जातात. मग लोक म्हणतात, गेटवे मंद आहे.

इथपर्यंतची चूक लगेच कळते, कारण मॉडबसच्या प्रत्येक संदेशाला तपासणीचे दोन बाइट जोडलेले असतात. तार सैल असली किंवा वेग चुकला तर उत्तरच येत नाही. खरी भीती पुढच्या चुकीची आहे, जिथे आकडा येतो पण खोटा येतो.

त्याची कारणे दोन. पहिले, मीटरच्या पुस्तकात रकान्याचा क्रमांक ४०००१ असतो आणि संगणकाचा प्रोग्राम तोच ० म्हणून मागतो. एका घराने घसरलात की भलताच रकाना वाचला जातो. दुसरे, मोठा आकडा दोन रकान्यांत तुटून येतो आणि कुठला तुकडा आधी घ्यायचा हे कंपनीगणिक बदलते. २३० व्होल्टचा आकडा उलट्या क्रमाने जोडला तर पडद्यावर शून्य दिसते. मीटर बिचारे ठीक असते आणि आपण ते बदलायला निघतो. म्हणून सुरुवात नेहमी व्होल्टेजपासून करा. मल्टीमीटर लावून मोजा, मीटरच्या पडद्यावर पाहा, संगणकावर पाहा. तिन्ही जुळल्याशिवाय युनिटकडे वळू नका.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? १ एप्रिल २०२० पासून महावितरण उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच युनिटवर काढते. पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामाला युनिट जास्त पडतात. कपॅसिटरचा एखादा फ्यूज उडाला तर एरवी ते महिन्याच्या बिलावर कळते. आकडे संगणकावर येत असतील तर त्याच दिवशी दिसते, आणि आकडेच खोटे असतील तर मालक निर्धास्त राहून नुकसान भरतो.

महावितरणच्या सीलबंद मीटरला हात लावायचा नाही, पॅनेलवर आपले वेगळे मीटर बसवायचे. काट्याच्या पेटीवरचे वैधमापन खात्याचे सीलही तसेच राहिले पाहिजे, फक्त मागचे मोकळे सॉकेट वापरावे. काट्याच्या अक्षरांना मॉडबससारखी तपासणी सहसा नसते. तेव्हा रिकामा काटा, भरलेली बैलगाडी आणि मोठा ट्रक, अशी तीनदा पेटीवरची आणि संगणकावरची वजने समोरासमोर ताडून घ्या. शक्य असेल तर त्या वेळी एखाद्या शेतकऱ्यालाही शेजारी उभे करा, कारण त्याच आकड्यावर त्याचे पैसे ठरणार आहेत.