खालचं, पोटातलं, वरचं

घट बसायला आठवडा राहिला होता. गावात घरोघरी दसरा काढायची धांदल चालू होती. अंथरुणं-पांघरुणं पंचगंगेवर नाहीतर विहिरीवर धुवायला निघाली होती आणि कुंपणा-कुंपणावर ओल्या वाकळा पाणी गाळत पडल्या होत्या. आमच्याकडे मात्र अंथरुणं धुऊन वाळली तरी माडीवरची खोली तशीच होती. ती आवरायला म्हणून मी पुण्याहून आले होते. सोबत पारदर्शक प्लास्टिकचे आठ डबे, चिकटवायची लेबलं आणि जाड पेन. मोबाईलवर परदेशी बायकांच्या शिवणखोल्या बघून बघून डोक्यात एक चित्र पक्कं बसलं होतं: फळ्यांवर इंद्रधनुष्यासारख्या रंगवार लावलेल्या कापडाच्या घड्या.

खोली माझ्या थोरल्या आत्याची. तिला सगळे आक्का म्हणतात. चाळीसेक वर्षं वाकळा शिवतेय. आधी घरच्यांसाठी शिवायची, मग पै-पाहुण्यांसाठी. आता गावातली कुणीही बाई घरातली जुनेरं गाठोड्यात बांधून आणून टाकते आणि महिन्या-दोन महिन्यांनी वाकळ घेऊन जाते. खोलीत खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला पायमशीन. तुळईला दोरीने टांगलेली बोचकी, वलणीवर लुगड्यांच्या पट्ट्या, एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर डालड्याचा जुना पिवळा डबा.

‘‘आक्का, एवढ्या चिंध्या कशाला साठवल्यास?’’

‘‘चिंध्या न्हवं त्या. सामान हाय.’’

बोचकी सोडून मी सगळा ढीग जमिनीवर केला आणि रंग लावायला बसले. लाल इकडे, हिरवा तिकडे, फुलाफुलांचं मधे. दोन तास गेले. आक्का चहा घेऊन वर आली, दारात उभी राहून तिने बराच वेळ बघितलं. ‘‘झ्याक दिसतंय,’’ म्हणाली. ‘‘आता मला पोटात घालायला कापड काढून दे.’’

मला काढता येईना. लाल ढिगात इरकलीचा पदर होता, नायलॉनच्या साडीचा तुकडा होता, विरून जाळी झालेलं लुगडं होतं आणि शिंप्याकडून आलेलं कोरं पोलक्याचं कापडही. रंग सगळ्यांचा लाल, पण काम एकाचंही सारखं नाही.

मग तिने स्वतः मांडी घातली. पुढचा दीड तास मी फक्त तिच्या हातांकडे बघत होते. तुकडा उचलायचा, दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटवून मधे धरायचा आणि एक हिसका द्यायचा. आधी उभ्या धाग्यात, मग आडव्यात. चांगलं कापड ‘टप्प’ वाजतं. दमलेलं कापड बारीक चरचरतं, फाटत नाही, पण आतून काहीतरी सुटल्याचं कानाला कळतं. त्यानंतर तुकडा खिडकीकडे धरायचा. उजेड सारखा आला तर ठीक, ठिपक्या-ठिपक्यांनी आला तर कापड विरलेलं. कान आणि डोळा दोघांचं जुळलं की तुकडा हातातून सुटून तीन ढिगांपैकी एकात पडायचा. बोलणं नाहीच.

ते तीन ढीग म्हणजे आडवी कापून बघितलेली वाकळच. खालचं, पोटातलं आणि वरचं. खालच्या बाजूला दमदार, साधं, पाठीला टोचणार नाही असं कापड: धोतरं, चादरी, पॉपलिन. पोटात विरलेलं, मऊ, रंग उडालेलं. त्याला ओढ सोसायची नसते, नुसती ऊब धरायची असते. वर दिसायला बरं आणि अजून दोन-चार वर्षं घासणं सोसेल असं. काठ वेगळे, कारण कडेला पट्टी म्हणून तेच लागतात. खालच्या ढिगातलं बरंचसं इचलकरंजीचं निघालं, त्यात नवल नाही. तिथे 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला आणि पुढे आमच्या भागातल्या धोतरा-पॉपलिनांचा मोठा वाटा त्याच गावातून येऊ लागला.

एकच लुगडं तीन ढिगांत कसं जातं, हे मला आधी पटेना. आक्काने एक जुनं नऊवार जमिनीवर सरळ पसरलं. पदराकडचं टोक घट्ट होतं. कासोट्याचा आणि मांडीवर येणारा भाग उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. कमरेला खोचायचं टोक पुन्हा चांगलं. बाई चालते-बसते कशी, ते सगळं कापडावर उतरलेलं. शेवटी मधला भाग पोटात गेला, टोकं वर.

पण सगळीकडून सारखं जुनं झालेलं नऊवार ती कधीच कापत नाही. ते अखंड ठेवायचं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट. रुंदी चार फुटांच्या आसपास असतेच. म्हणजे एक लुगडं, चार थर, एका माणसाची वाकळ, कात्री न लावता. आजकालची गोल साडी साडेपाच मीटरची, म्हणजे अठरा फूट. तिच्या तीनच घड्या बसतात, तीही सहा फुटांच्या. ‘‘उंच माणसाचं पाय भायेर,’’ आक्का म्हणाली.

पॉलिस्टर आणि टेरिकॉट ती घेतच नाही. बायका आणून देतात, ती त्याच गाठोड्यात घालून परत पाठवते. घाम टिपत नाही, सुई सरकते, हे झालंच. पण तिचं खरं म्हणणं वेगळं आहे. तो धागा सुतापेक्षा चिवट. शेजारी शेजारी शिवले की धुताना ओढ बसते, टेरिकॉट हलत नाही आणि सुती तुकडा टाक्याशी फाटतो. शंका आली की ती कडेचा एक धागा काढून काडीने पेटवते. सुताची राख होते, पॉलिस्टरचा काळा टणक मणी.

इरकलीचा पदर आणि अंग तिने कात्रीने वेगळं केलं. अंग सुती, पदर रेशमी किंवा हल्ली नकली रेशमाचा. खऱ्या रेशमाला लागणारी कीड निराळी. ती लोकर-रेशीम खाते, सुताला सहसा शिवत नाही. सुतात होते ती कसर, आणि तिला खळ आवडते. म्हणून खळीचं कापड आक्का तीनदा पाण्यातून काढून, कडकडीत वाळवूनच बोचक्यात घालते. रेशीम ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळून. ट्रंकेच्या पत्र्याला कापड टेकलं तर गंजाचा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही, म्हणून तळाला आणि बाजूंना अस्तर. मी वर्तमानपत्र घालू म्हटलं, तर तिने एक पिवळी पडलेली, उलटी अक्षरं उमटलेली उशीची खोळ दाखवली. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत, कापडाला न टेकता. कडुनिंबाचा पाला खडखडीत वाळलेला. हिरवा घातला तर त्याचीच ओल लागते.

प्लास्टिकच्या डब्यांबद्दल ती काही बोलली नाही. गेल्या वर्षी मी तिच्याकडून नेलेले तुकडे पुण्यात असल्याच एका डब्यात झाकण घट्ट लावून ठेवले होते. जूनमध्ये ठेवले, ऑक्टोबरमध्ये उघडले. सगळ्या घड्यांवर तीळ पडलेले, आणि वास असा की बाल्कनीतही नको वाटावा. ते मी तिला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. ‘‘कापडाला वारं लागतंय बाई,’’ एवढंच म्हणाली. त्या टांगलेल्या बोचक्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. वारा खेळतो आणि उंदराला चढता येत नाही.

लेबलांचा प्रश्न तिच्याकडे नव्हताच. बोचकं ज्या कापडाचं, आत तसलंच सामान. धोतराच्या फडक्यात बांधलेलं ते खालचं, विरलेल्या लुगड्यात ते पोटातलं, छापाच्या साडीत ते वरचं. दारातून बघितलं तरी कळतं. काठांचं बोचकं काठानेच बांधलेलं. कोरे तुकडे आणि खण मात्र वेगळ्या पिशवीत. खण कापायचा नाही, कुणाची ओटी भरायला लागेल म्हणून. तसे अकरा खण निघाले. दोनांच्या घड्यांवर कापड चिरलं होतं. आक्का थोडी हळहळली. वर्षातून दोनदा घड्या मोडून वेगळ्या जागी घालायच्या असतात, यंदा राहून गेलं.

उरलेली खोली पटकन झाली. मशीन पुसून तेल घातलं. जुन्या दोऱ्याच्या रिळांमधून प्रत्येकी हातभर दोरा ओढून तोडून बघितला. जे सहज तुटले ते टाके घालायला नाहीत, वाकळ पसरल्यावर थर हलू नयेत म्हणून घालायच्या कच्च्या दोऱ्याला. डालड्याच्या डब्यात बटणं, हुक, उसवलेल्या चेन. गोधडीच्या लांब सुया गंजल्या होत्या, त्या फेकल्या. नव्या सुया खोबरेल लावलेल्या फडक्यात टोचून ठेवल्या. तरी आक्का शिवताना दर पाच-सहा टाक्यांनी सुई केसांतून फिरवतेच.

आठ डब्यांपैकी दोन खोलीत राहिले, एक रिळांना, एक बटणांना. एक आईने पोह्यांसाठी खाली नेला. बाकीचे पाच माझ्याबरोबर परत पुण्याला.

निघताना मी आक्काच्या पाया पडायला वाकले. उठताना तिने माझ्या कुर्त्याची बाही धरली, अंगठ्याखाली चोळली, उजेडाकडे ओढली.

‘‘सुती हाय व्हय?’’

‘‘हो.’’

तिने हलकासा हिसका दिला, कान लावला आणि बाही सोडली.

‘‘अजून दोन वर्सं घाल. मग मी घेतो.’’