तुमच्यावर कर्ज आहे का?

विठ्ठलपंतांची गोष्ट आपण ज्ञानेश्वरांच्या वडिलांची म्हणून ऐकलेली असते. परंपरा सांगते ती अशी. संसारात मन रमेना म्हणून ते आळंदीहून काशीला गेले, मागे बायको नाही असं सांगितलं आणि संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेला निघाले आणि वाटेत आळंदीला उतरले. एका बाईनं वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी नेहमीच्या सवयीनं ‘पुत्रवती भव’ म्हटलं. त्या विठ्ठलपंतांच्या बायको रुक्मिणीबाई निघाल्या. गुरूंनी शिष्याला परत संसारात धाडलं आणि त्याची शिक्षा भोगली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार पोरांनी. विठ्ठलपंत खोटं बोलले हे खरंच. पण मला नेहमी वाटतं, गुरूंनी दीक्षेआधी थोडी चौकशी करायला काय हरकत होती?

कारण ही चौकशी त्याही आधी हजाराहून कितीतरी जास्त वर्षं दुसरीकडे चालू होती. बौद्ध भिक्षुसंघात उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, मागायला आलेल्याला प्रश्न विचारतात, आणि त्यांत निर्वाणाचा विषयच नसतो. तुला अमुक रोग आहे का? तू कुणाचा दास आहेस का? तुझ्यावर कर्ज आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची परवानगी घेतलीस का? वीस वर्षं पूर्ण झाली का? भिक्षापात्र आणि चीवर आहे का? भरल्या सभेत हे विचारलं की नवखे लाजायचे, गप्प उभे राहायचे. म्हणून आधी बाजूला नेऊन समजावून सांगायचं, मग सगळ्यांसमोर विचारायचं, अशी सोयही विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, आहे.

यातला एकेक प्रश्न ठेच लागल्यावर आलेला आहे. मगधात रोगांची साथ आली तेव्हा लोक जीवक वैद्याकडे धावले. तो म्हणाला, मला राजा बिंबिसार, त्याचा राणीवसा आणि बुद्धांचा संघ यांतून सवड नाही. लोक हुशार. त्यांनी मुंडण केलं, चीवर पांघरलं, फुकट उपचार घेतले आणि बरे झाल्यावर घरी गेले. जीवकाच्या हे लक्षात आलं आणि रोगाचा प्रश्न यादीत शिरला. परवानगीचा प्रश्न बुद्धांच्या वडिलांचा, शुद्धोदनाचा. मुलगा गेला, मग नातू राहुलही गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं बुद्धांकडे मागितलं ते एवढंच, की यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाच्या पोराला नेऊ नका.

आज पुण्यात, खारला किंवा नागपूरच्या धंतोलीत रामकृष्ण मठात जाऊन ‘मला संन्यासी व्हायचंय’ म्हटलं तर लगेच भगवं वस्त्र मिळत नाही. अविवाहित तरुण लागतो, साधारण तिशीच्या आतला. निवृत्तीनंतर जाऊ म्हणणाऱ्यांसाठी हा मार्ग नाही. आधी उमेदवारी. त्या काळात ऑफिस, दवाखाना, पुस्तकविक्री, स्वयंपाकघर, जिथे लावतील तिथे काम. दोन वर्षं बेलूरच्या मुख्य मठात शिक्षण. मग ब्रह्मचर्याची दीक्षा आणि पांढरी वस्त्रं. भगवी मिळेपर्यंत एकूण नऊ-दहा वर्षं जातात. डॉक्टर तयार व्हायलाही इतकी लागत नाहीत! स्त्रियांसाठी 1954 पासून श्रीसारदा मठ आहे, स्वतंत्र आणि स्त्रियांनीच चालवलेला.

एवढा वेळ कशाला, हे मला मठातल्या दिवसाचा विचार केल्यावर कळलं. घरातल्या कटकटीला कंटाळून निघालेल्याला तिथेही पहाटेची घंटा असते, भांडी असतात, न आवडणारा सहकारी शेजारच्या खोलीत असतो. चार दिवसांच्या शिबिरात हे दिसत नाही. तिसऱ्या वर्षी, खिचडीची पातेली घासताना दिसतं.

आणि घर सुटतं का? हा मठ उभारणाऱ्या खुद्द विवेकानंदांचं सुटलं नाही. 1884 मध्ये वडील वारले, घर कर्जात, भाऊबंदांशी खटले, नोकरीसाठी वणवण. 1886 अखेर गुरुबंधूंसह आंटपूरला त्यांनी त्यागाची शपथ घेतली, पण आईची काळजी पुढेही संपली नाही. खेतडीचे राजे अजितसिंह त्यांच्या आईला दरमहा शंभर रुपये पाठवत, ते विवेकानंदांच्याच शब्दाखातर.

संन्यास घेताना विरजाहोमाच्या वेळी माणूस स्वतःचं श्राद्ध करतो. कायदाही जवळपास तेच मानतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धार्मिक पंथात प्रवेश करून संसाराचा त्याग केला, हे घटस्फोटाचं कारण आहे. 1956 च्या दत्तक कायद्यात नवऱ्यानं संसार पूर्णपणे सोडला असेल तर बायकोला त्याच्या संमतीशिवाय मूल दत्तक देता येतं. रुक्मिणीबाईंच्या हाती यातलं काहीच नव्हतं.

दीक्षेआधीची अशी पारख युरोपातही होती. सहाव्या शतकात ख्रिस्ती संत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले. त्यात नवख्याला सहज आत घेऊ नका, चार-पाच दिवस दार ठोठावू द्या, असं आहे. मग वर्षभरात तीनदा नियमावली वाचून दाखवायची, दर वेळी सांगायचं की जमत असेल तर राहा, नसेल तर खुशाल जा. राहिला तर त्याच्या अंगावरचे कपडे काढून मठाचे द्यायचे. पण जुने कपडे टाकायचे नाहीत, वाटायचे नाहीत. मठाच्या कोठीत जपून ठेवायचे. उद्या त्याला बाहेर पडायचं झालं, तर घालायला हवेत म्हणून.