नक्षी शाबूत, रबर म्हातारे

अमेरिकेत जुने मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे फिरते घर, विकत घेताना टायरची खोल नक्षी पाहून समाधान मानणे धोक्याचे ठरते. कारण अशी वाहने बराच काळ एका जागी उभी असतात आणि नक्षी झिजण्याआधीच हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्या क्रियेने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवरील ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक खरे वय सांगतात: ‘२३१४’ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक अनेकदा आतल्याच बाजूला असल्याने ग्राहकाला वाहनाखाली शिरावे लागते, आणि विक्रेत्याला ते फारसे रुचत नाही. टायरखेरीज छतही तपासावे, कारण त्यातून झिरपलेल्या पाण्याने लाकडी सांगाडा कुजतो. वाहनातील गॅसची गळतीही साबणाच्या फेसाने तपासावी.