८,६०० कोटी पेशी आणि एक झटका

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये वारले. वय अवघं ३२. भारतीय वैद्यक पथकातून तिथे गेलेल्या आणि चार वर्षं युद्धाच्या धुमाळीत काढलेल्या या माणसाला गोळी लागली नाही की बाँबने गाठलं नाही. अपस्माराच्या झटक्यांनी नेलं. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आज स्मारक आहे. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपटही जुन्या पिढीला आठवतो. सगळी कहाणी सोलापूरकरांना पाठ आहे, पण ती जिथे संपते त्या झटक्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. त्या काही मिनिटांत डोक्याच्या आत जे घडतं, त्याचे आकडे गरगरवणारे आहेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पूर्वी पुस्तकांत १०,००० कोटी असा गोल आकडा छापत. तो नीट मोजला कुणी होता, याचा पत्ता नव्हता. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मेंदूचं चक्क सूप केलं, त्यात तरंगणारी पेशीकेंद्रं मोजली आणि २००९ मध्ये हा आकडा दिला. सेकंदाला एक या वेगाने या पेशी मोजायच्या तर २,७०० वर्षं लागतील. म्हणजे गौतम बुद्धांच्या जन्माआधी सुरुवात करायला हवी होती. गंमत अशी की, यातल्या जवळपास ६,९०० कोटी पेशी मागच्या बाजूच्या लहान मेंदूतच दाटीवाटीने बसल्यात. ज्याच्या जोरावर आपण मिरवतो त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या वाट्याला १,६०० कोटीच.

पेशीचा आकारही चमत्कारिक. पाठीच्या कण्यातून पायाच्या स्नायूपर्यंत जाणारी चेतापेशी घ्या. तिचं मुख्य अंग एक दशांश मिलिमीटरच्या आत, आणि त्यातून निघालेला तंतू जवळजवळ मीटरभर लांब. हे अंग मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढं फुगवलं, तर तंतू चाळीस मीटरच्या पुढे जाईल. मेंदूतले वेष्टन असलेले सगळे तंतू टोकाला टोक जोडले, तर विशीतल्या माणसात त्यांची लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरते. पृथ्वीला जवळपास चार वेढे. आणि हे सगळं सव्वा ते दीड किलोच्या गोळ्यात!

आता वीज. शांत बसलेल्या पेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण दाब असतो. ऐकायला किरकोळ. पण पेशीचं पटल फक्त ५ नॅनोमीटर जाड आहे. भागाकार केला तर मीटरमागे १ कोटी ४० लाख व्होल्ट येतात. हवेत ठिणगी पडायला सुमारे ३० लाख पुरतात. ज्याचा चौथा हिस्साही विजेच्या कडकडाटाला पुरतो, तो ताण प्रत्येक पेशी गुपचूप सांभाळत बसलेली असते. इशारा आला की पटलातली सोडियमची दारं उघडतात आणि एकेका दारातून मिलिसेकंदभरात हजारो आयन आत घुसतात. ती लाट वेष्टन असलेल्या जाड तंतूतून सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावते. बारीक, उघड्या तंतूतून जेमतेम मीटरभर. ठेच लागल्यावर धक्का आधी कळतो आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच.

तंतूच्या टोकाला २० नॅनोमीटरची फट असते. ती ओलांडायला वीज उपयोगाची नाही, तिथे रसायन सोडावं लागतं. अशा जोडण्या मेंदूत शंभर लाख कोटींच्या घरात आहेत. त्यातल्या काही पेटवणाऱ्या, तर काही विझवणाऱ्या. बाह्यकातल्या दर पाच-सहा पेशींमागे एक पेशी फक्त इतरांना गप्प बसवण्याचं काम करते. मला विचाराल तर मेंदूतली सगळ्यात मोलाची मंडळी हीच. कोट्यवधी पेशी आपापल्या तालाने बोलतात तोवर माणूस बोलतो, चालतो, शस्त्रक्रिया करतो. विझवणाऱ्यांचा धाक सुटला की लाखो पेशी एकाच ठेक्यात पेटतात, आणि त्यालाच आपण फिट म्हणतो. १९४० च्या एका लढाईत कोटणिसांनी सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. ज्याला झटक्यांचा धोका आहे त्याच्या मेंदूला जागरण सोसत नाही, हे आज कुठलाही मेंदूविकारतज्ज्ञ सांगेल.

कोटणिसांचं वैद्यक पथक चीनला निघालं ते १९३८ साल. त्याच वर्षी अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइन झटके आवरतं हे दाखवलं. सोडियमची तीच दारं हे औषध लगोलग पुन्हा उघडू देत नाही.

माणसाच्या मेंदूचा एक अतिशय बारीक नकाशा मिळाला, तोही अपस्माराच्या रुग्णाकडूनच. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या तुकड्यातला फक्त एक घन मिलिमीटर हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक काप करून चितारला. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला: ५७,००० पेशी, १५ कोटी जोडण्या, १,४०० टेराबाइट माहिती. अख्खा मेंदू याच्या दहा लाख पटींहून मोठा आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्के झटक्यांविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा रस्त्यात, एसटीत कुणाला फिट आली तर कांदा आणि चप्पल शोधू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना गाठा. आणि घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका.